नंदाबाईंचा अर्धा वाटा

१

ही गोष्ट १९९१ सालची. जालना जिल्हा होऊन दहा वर्षं झाली होती. औरंगाबाद रस्त्याच्या कडेनं नव्या वसाहती उठत होत्या, आणि त्या घरांना कर्ज देणाऱ्या एका सहकारी संस्थेत मी नोकरीला होते. माझं टेबल ठेवींचं. कर्जाचं टेबल पलीकडे, खिडकीजवळ. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी शाल लागायची आणि दुपारी पंखा.

अशाच एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या नर्स नंदाबाई खिडकीशी आल्या. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी त्याच हजर होत्या, म्हणून मी हसून मान हलवली. त्यांनी घराच्या हप्त्याचे पैसे पुढे केले. कर्ज दोघांच्या नावावर होतं, त्यांच्या आणि धाकटा भाऊ मच्छिंद्र याच्या. घरही दोघांचं, निम्मं निम्मं.

खिडकीतल्या कारकुनानं खातं पाहिलं आणि पैसे परत सरकवले.

"बाई, या कर्जावर तुमचं नाव नाही आता."

"काय म्हन्ता?"

"काढलं ना. दिवाळीच्या आधीच. तुम्हीच तर हक्कसोड करून दिलं भावाला. कर्जातून सुटलात, मजा करा."

आसपासचे दोघंतिघं हसले. त्यात काही विशेष नव्हतंच. बहिणीनं भावाला हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, भावानं तिला साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीत. नंदाबाई मात्र हसल्या नाहीत. खिडकीची चौकट धरून उभ्या राहिल्या.

मी उठून गेले आणि कारकुनाकडून हक्कसोडपत्राची नक्कल घेतली. सगळं बरोबर होतं. रजिस्ट्रीचा शिक्का, घराचा नंबर, 'माझा अर्धा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला' हे वाक्य. खाली, जिथं लिहून देणारीनं सही करायची, तिथं डाव्या हाताचा अंगठा.

नंदाबाईंनी तो पाहिला आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "अरुंधतीताई, मी तर सही करते."

२

त्यांना मी दुपारी घरी घेऊन गेले, कारण घरी ताराताई होत्या.

ताराताई म्हणजे माझ्या नणंदबाई. आमच्या ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, वकिली केली. जालन्याच्या कोर्टात त्या काळ्या कोटात उभ्या राहिल्या की समोरचा वकील पाणी मागायचा, असं लोक म्हणत. घरात मात्र त्यांना साधा कुकर लावता येत नसे. "अरुंधती, याच्या शिट्ट्या मोजायच्या की ऐकायच्या?" असं एकदा त्यांनी मला खरोखर विचारलं होतं.

त्यांनी नंदाबाईंना पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं, चहा दिला (मी केलेला) आणि कोरा कागद ओढला.

"माहेर?"

"केदारखेडा."

"सासर?"

"पिंपळगाव रेणुकाई. पन तिथून वीस साल झाले, निघून आल्ते मी. त्यांनी दुसरी ठिवली. मंग मी नर्सिंग केलं."

"नवऱ्याचं नाव?"

नंदाबाईंनी हात पुढे केला, ताराताईंच्या बोटातलं पेन घेतलं आणि कागदावर स्वतःच लिहिलं, 'कारभारी'. पेन परत दिलं.

ताराताईंनी भुवया उंचावल्या.

"केदारखेड्याची जमीन?"

"तिच्यावरचा हक्क मागंच सोडला. वडील गेल्यावर."

"मग लोक म्हणणार, एकदा दिलं तसं दुसऱ्यांदाही दिलं असेल. आता रुसवा झाला म्हणून नाकारते."

"ते बापाचं होतं, ताई," नंदाबाई म्हणाल्या. "हे माझं आहे. मी रात्रपाळ्या करून केलेलं. तिथली पुढची खोली सोडून मला दुसरी जागा न्हाई या जगात."

मग त्यांनी एकेक सांगितलं. घरात तिघं मोठी, मच्छिंद्र, त्याची बायको गिरिजा आणि त्या. गिरिजाचं आणि त्यांचं नळावरून वाजायचं, पण तेवढंच. हप्ता मच्छिंद्र भरायचा, त्या त्याच्या हातात निम्मे पैसे द्यायच्या. दिवाळीपासून तो घेईना. 'ऱ्हाऊ दे अक्का, माझा पगार वाढला,' म्हणाला. त्यांना ते बरं वाटेना, म्हणून आज स्वतःच खिडकीशी आल्या होत्या.

"अन् एक," त्या म्हणाल्या. "दर भाऊबीजेला मला सुती पातळ ऱ्हातं. औंदा यानं पैठणी घातली माझ्या हातात. येवल्याची. वर डोळ्यात पानी. मला वाटलं, पगार वाढला म्हणून. आता कळलं, चोराच्या मनात चांदणं."

ताराताईंनी कागद बाजूला ठेवला. "नंदाबाई, हे अवघड प्रकरण नाही. अंगठा कुणाचा ते पोलीस शोधतील. उद्या फिर्याद देऊ. घर तुमचं तुम्हाला मिळेल."

"अन् भाऊ?"

"तो जाईल तुरुंगात, दोषी असला तर."

नंदाबाईंनी कप खाली ठेवला. "मला घर बी पाहिजे अन् भाऊ बी पाहिजे. ते जमत आसंल तर सांगा. न्हाई तर मी चालले."

त्या खरंच उठल्या. दारापर्यंत गेल्याही. ताराताईंनी मला डोळ्यानं खुणावलं, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना परत आणलं.

"तिथं नंदाबाई म्हणून कोण उभी राहिली, ते आधी मला शोधू द्या," ताराताई म्हणाल्या. "तोवर घरी एक अक्षर बोलू नका. भावाला पैठणी आवडली म्हणून सांगा."

३

मच्छिंद्र एका बियाण्याच्या कंपनीत गोदाम सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथं गेलो. संस्थेतून कागदांची खातरजमा करायला आलोय, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त मला कुणी पाठवलं नव्हतं.

गोदामात बाजरीच्या बियाण्याचा वास भरलेला. मच्छिंद्र उंच, काळासावळा, बोलताना हात कुठं ठेवावेत ते न कळणारा माणूस. आम्हाला बसायला त्यानं पोत्यांवर धुतलेलं फडकं अंथरलं.

"बराबर हाये सगळं," तो म्हणाला. "कर्जाच्या अर्जावर माझी सही हाये. अक्कानं हक्कसोड करून दिलं, मंग संस्थेनं तिचं नाव काढलं. काही खोट निघाली का?"

"तुम्ही रजिस्ट्रीत गेला होता?" ताराताईंनी विचारलं.

"न्हाई, मी बियाण्याच्या गाडीसोबत परभणीला गेल्तो. लिहून देणारी तीच ना, माझं काय काम? धावपळ सगळी आमच्या मेव्हण्यानं केली, कचरूनं. धावड्याचा तो. साक्षीला बी तोच ऱ्हायला."

"बहिणीनं तुम्हाला कधी सांगितलं, की हिस्सा देते?"

त्यानं गोंधळून आमच्याकडं पाहिलं. "मला कशाला सांगंल? घरात गिरिजाला बोलली. गिरिजा म्हणाली, वन्संच्या मनात हाये, पन त्यांच्या तोंडावर ते काढू नका, त्यांना लाज वाटते."

"आणि तुम्ही काढलं नाही."

"बाई, बहिणीनं दिलेलं भाऊ मोजून बघत न्हाईत. केदारखेड्याची जमीन दिली तवा बी आम्ही कुठं बोललो? तिनं अंगावरचं उतरून दिल्यासारखं दिलं. मी साडी घेतली, बास. तिच्याकडून हप्ता घ्यायची बी मला शरम वाटून राह्यली."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय साळसूद आहे! पाठ केल्यासारखं बोलला."

"चोर साडी देतो का, अरुंधती?" ताराताई म्हणाल्या. "विचार कर. बहिणीला न कळता तिचा वाटा लाटला, तर माणूस त्या दिवशी नेहमीचं सुती पातळच देईल. उलट जास्तच नेहमीसारखा वागेल. यानं पैठणी दिली, हप्ता घेणं बंद केलं. म्हणजे हक्कसोडीची परतफेडच रीतीनं केली त्यानं. ज्याला वाटतं की आपल्याला दान मिळालं, तोच असं वागतो."

"म्हणजे तिला वाटतं भावानं लुबाडलं..."

"आणि त्याला वाटतं बहिणीनं ओवाळून टाकलं. दोघं एका घरात राहतात, एका ताटलीतल्या भाकरी खातात आणि रीत म्हणून एकमेकांना विचारत नाहीत." त्या चालता चालता थांबल्या. "आता त्याला दान मिळालं असं जिनं सांगितलं, तिच्याकडे चल."

४

घर छोटं होतं, पण नीट ठेवलेलं. पुढच्या खोलीला कुलूप, नंदाबाई ड्यूटीवर. गिरिजाबाई मागच्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. संस्थेच्या बाई आल्यात म्हटल्यावर सूप त्यांच्या हातातच राहिलं.

पण बाई चांगली होती. आम्हाला न विचारता तिनं गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले. बोलायला लागली आणि मग थांबेना.

"तुम्ही म्हन्ता वन्संनी का दिलं. त्यांना लेकरू न्हाई, बाळ न्हाई. आज ना उद्या आमच्या घरच्यांनाच द्यायचं होतं. अन् न देऊन करतात काय? तो कारभारी येऊन राह्यला ना दवाखान्यात!"

"कोण कारभारी?"

"त्यांचा नवरा हो, पिंपळगावचा. वीस साल तोंड दाखवलं न्हाई. आता हर आठवड्याला येतो, खोकत खोकत बसतो दवाखान्याच्या पायरीवर. माझ्या कचरूदादानं डोळ्यानं पाहिलं. उद्या तो या घरात आला, अन् म्हणाला, अर्धं माझ्या बायकोचं हाये, तर? मंग त्याची ती दुसरी, तिचे पोरं... आम्ही जायचं कुठं?"

 पुढं ती आपणहून बोलली की ती लहान असताना आई वारली, आणि तिघा काकांच्या घरी आळीपाळीनं दिवस काढले. प्रत्येक घरात तिची वळकटी दाराशी असायची. लग्नानंतर आठ वर्षं भाड्याच्या खोल्या. हे घर झालं तेव्हा पहिल्यांदा तिनं भिंतीला खिळा ठोकला होता, कुणाला न विचारता.

"संस्थेचं पत्र आलं होतं, नाव काढल्याचं," मी विचारलं. "नंदाबाईंना दिलंत?"

 ती उठून आम्हाला पाणी द्यायला लागली. तांब्या पुढे करताना पदर सरकला, आणि मला तिचा उजवा हात दिसला. मनगटापासून बोटांपर्यंत भाजल्याचा ताजा, गुलाबी डाग होता.

ताराताईंनीही पाहिला. "हे काय झालं?"

"दिवाळीचे अनारसे," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

५

रजिस्ट्रीच्या आवारात लिंबाखाली रामकिसन दस्त लिहायला बसत. गळ्यात चष्मा, पुढ्यात लाकडी पेटी. दस्त लिहायचा आणि लागलंच तर साक्षीला उभं राहायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. तेव्हा फोटोबिटो काढत नसत. दोन माणसांनी 'आम्ही हिला ओळखतो' म्हटलं की पुरे.

"तुम्ही नंदाबाईंना ओळखता?" ताराताईंनी विचारलं.

"वकीलबाई, तुम्हाला खोटं काय सांगू. कचरू ओळखत होता, मी कचरूला ओळखतो. झालं की."

"शाब्बास. उद्या मी एक म्हैस आणते, तिला माझी मावशी म्हणून ओळखाल?"

"म्हैस सही करत आसंल तर आणा," रामकिसन म्हणाले. मग ताराताईंचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्यांना ती बाई चांगली आठवत होती, कारण त्या दिवशी साहेबांच्या खोलीत हसू झालं होतं. पदर नाकापर्यंत. उजव्या हाताला जाड पट्टी.

ऐकताच मी ताराताईंचं कोपर दाबलं. त्यांनी ते झटकलं.

"पट्टी होती म्हणून अंगठा घेतला, डाव्या हाताचा. साहेबांनी विचारलं, नाव? म्हणाली, नंदाबाई. नवऱ्याचं नाव? म्हणाली, कारभारी. खनखनीत आवाजात. कुणाला लिहून देता? माझ्या भावाला, मच्छिंद्रला. ते बी खनखनीत. मंग साहेब म्हणाले, साक्षीदारांना ओळखता ना, नावं सांगा. तर माझ्याकडं बोट करून म्हणाली, हे रामकिसन, लिहिणारे. अन् दुसरे? तर बाई मुकी! पदर दातात धरला. साहेब म्हणाले, अहो बाई, नाव सांगा. तर म्हणाली, 'हे धावड्याचे.' धावड्याचे कोण? 'त्यांनाच विचारा की.' सगळे हसले. मंग कचरूनं आपलं नाव आपणच सांगितलं. लाजरी आसंल, म्हणून साहेबांनी सोडून दिलं."

घरी येईपर्यंत मी बोलतच होते. सरळ होतं सगळं. भाजलेला उजवा हात, लपवलेलं पत्र, घराची भीती. गिरिजाच उभी राहिली होती तिथं. भाऊ साक्षीला, बहीण अंगठ्याला.

ताराताई रिक्षात डोळे मिटून बसल्या होत्या. घरी आलो तर फोन वाजत होता. मी उचलला. ह्यांच्या ऑफिसातून होता. मी माजघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! ऐकलं का? तुमचा फोन!"

ताराताईंनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं.

"अरुंधती, तू पदवीधर. नोकरी करतेस. नवरा कोण म्हणून ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगतेस?"

"सांगते की आमचे हे."

"नाव?"

मी हसले. "चला, काहीतरीच तुमचं!"

"चौदा वर्षांत एकदाही नरहर म्हणाली नाहीस," ताराताई म्हणाल्या आणि एकदम पायात चपला अडकवू लागल्या. "धावड्याची गाडी कितीला आहे?"

६

भोकरदनच्या पुढं गाडी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

"तिथं उभी राहिली ती नंदाबाई नव्हती. हे मी अंगठ्यावरून म्हणत नाही, अंगठ्याला पट्टीचं कारण होतं. नंदाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वीस वर्षं टाकलेली बाई, पण त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन लिहिलं, तोंडानं उच्चारलं नाही. या बाईनं 'कारभारी' फटकन म्हटलं, कारण तो तिचा कुणीच नव्हता."

"म्हणून तर म्हणते, गिरिजा. ती कारभारीचं नाव घेते. आपल्यासमोर घेतलं."

"घेते. पण मच्छिंद्रचं घेते का? 'आमच्या घरचे' म्हणाली. तिथल्या बाईनं 'मच्छिंद्र' म्हटलं, अडखळली नाही. आणि गिरिजाला कचरूचं नाव घ्यायला काय अडचण? सख्खा भाऊ. 'कचरूदादा' म्हणाली ना आपल्याला. भाजलेला हात म्हणशील, तर पट्टीखाली जखम असायलाच हवी असं नाही. नर्स सही का करत नाही, याचं उत्तर म्हणून ती बांधली होती."

मला आता दिसायला लागलं होतं.

"त्या खोलीत ती बाई दोन पुरुषांची नावं सहज बोलली. तिसऱ्याचंही बोलली, रामकिसनचं. एकाच माणसाचं तिला बोलता येईना. साहेब विचारतोय, सगळे हसताहेत, काम बिघडेल अशी पाळी आली, तरी येईना. कोणत्या माणसाचं नाव बाईच्या तोंडून असं निघत नाही, ते तुला मी सांगायचं का?"

धावड्यात कचरूचं घर गावाच्या टोकाला होतं. कचरू शेतावर गेला होता. त्याची बायको चतुराबाई दाराशी बाज विणत होती. काळा कोट पाहून तिच्या हातातली सुतळी सुटली.

ताराताईंनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि बाजेच्या कडेला बसल्या. "चतुराबाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

तिनं पदर दातात धरला.

मग ती रडायलाच लागली. आम्ही काही म्हटलं नव्हतं. "सगळं खोटं बोलले मी," ती म्हणाली. "नाव खोटं, गाव खोटं, भाऊ खोटा. देवाची भीती सोडून बोलले. पन तेवढं तोंडातून निघंना. यांनी घरी येऊन मला लय टोचलं, बावळट म्हणून."

"का केलंत?"

"हे म्हणाले, गिरिजा रस्त्यावर येईल. बहिणीसाठी जीव टाकतात हे. आई नव्हती ना, यांनीच तिचे केस इंचरले लहानपनी. मी म्हणाले, नंदाबाईच्या हातून माझे चार बाळंतपणं झाले, मी त्यांच्याच नावावर कशी उभी राहू? तर म्हणाले, नंदाबाईला काय कमी हाये, पगार हाये." तिनं डोळे पुसले. "दोघी बहिणी नव्हं, पन दोघी बाया ना आम्ही. मला झोप न्हाई तवापासून. तुम्ही पोलीस हाये का?"

"नाही," ताराताई म्हणाल्या. "मी नणंद आहे. ही माझी भावजय." आणि का कोण जाणे, चतुराबाईला तेवढ्यानं धीर आला. "चला आमच्या मालकांकडं," ती म्हणाली. "मीच सांगते त्यांना, तुम्ही गप ऱ्हावा."

७

रविवारी नंदाबाईंच्या पुढच्या खोलीत सगळे बसले. कचरू दाराशी, खाली मान घालून. चतुराबाईनं स्वतःच सगळं सांगितलं. मधे तिचा आवाज गेला की नंदाबाईच तिला पाणी देत होत्या.

मच्छिंद्रला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो बायकोकडे नाही, बहिणीकडे वळला. "अक्का, म्हंजे तू दिलंच न्हाईस?"

"न्हाई."

"अन् तुला वाटलं, मी घेतलं?"

"हो."

तो उठला, बाहेर गेला, ओसरीच्या खांबाला कपाळ टेकून उभा राहिला. सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती. कचरू उठायला लागला तर नंदाबाई म्हणाल्या, "बस तू."

गिरिजाबाई भिंतीशी होत्या, एका खिळ्याच्या खाली. "मला भ्या वाटलं, वन्सं. तो येईल, तुम्ही त्याला घ्याल."

"कोण, पिंपळगावचे? त्यांना टीबी हाये. मी गोळ्या देते सरकारी, जशा दुसऱ्यांना देते. त्यांनी एकदा पाणी मागितलं होतं प्यायला, तवा बी मी नळाकडं बोट दाखवलं. घरात घेईन मी? मला इचारायचं होतं गं."

"इचारलं असतं तर दिला असता हिस्सा?"

 मला वाटलं, आता त्या म्हणतील, दिला असता. चांगल्या माणसांनी तसंच म्हणायचं असतं.

"न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. "दिला नसता. मंग तू भांडली असती, मी भांडले असते, नळावर भांडतो तसं. भांडण घरात बसतं गिरिजा, कुठं तरी कोपऱ्यात. हे बसत न्हाई."

गिरिजाबाईंनी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले, पण हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मच्छिंद्र आत आला. डोळे लाल होते. "वकीलबाई, काय लिहायचं ते लिहा. आज लिहा. अर्धं काय, सगळं अक्काच्या नावावर करतो. माझंच नाव काढा."

"मला सगळं नको," नंदाबाई म्हणाल्या. "माझं अर्धं दे. अन् तुझं अर्धं तुझ्याकडं ठेव, मला एवढी झाडझूड होत न्हाई."

कुणीतरी हसलं. बहुतेक ताराताईच.

मच्छिंद्रनं रजिस्ट्रीत जाऊन अर्धा हिस्सा परत बहिणीच्या नावे लिहून दिला. नंदाबाईंनी सही केली, मोठ्या अक्षरात, दोन जागी. आमच्या संस्थेच्या सचिवांनी कर्जाला त्यांचं नाव पुन्हा लावलं आणि स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून कारणं विचारली नाहीत.

रामकिसन त्यानंतर अनोळखी माणसाच्या साक्षीला उभे राहत नव्हते. निदान ताराताई आवारात असताना तरी नाही. ते ९८ साली गेले, पेटी आता त्यांचा पुतण्या वापरतो.

कारभारी पुढच्याच वर्षी पिंपळगावला वारला. निरोप आला तेव्हा नंदाबाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी ड्यूटी पूर्ण केली. मग घरी येऊन अंघोळ केली आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. गिरिजाबाईही जेवल्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

कचरूला बहिणीच्या घरी यायला बरीच वर्षं लागली. आला तो भाचीच्या लग्नात, आणि पंगतीत वाढण्यातच राहिला, जेवायला बसला नाही. नंदाबाईंनीच त्याला ओढून बसवलं. चतुराबाई मात्र कधी थांबली नाही. तिची लेक बाळंत व्हायची झाली की धावड्याहून थेट त्यांच्या दारात. पुढे चतुराबाई गावातच अंगणवाडीत मदतनीस झाली.

गिरिजाबाई आणि नंदाबाई नळावर भांडतच राहिल्या. पालिकेनं घरात नळ दिला तेव्हा त्या दुसऱ्या विषयावर भांडू लागल्या.

ताराताई २००६ साली गेल्या. कायद्यानं जे करायला हवं होतं ते आपण त्या वेळी केलं नाही, असं त्या अधूनमधून म्हणायच्या, पण पश्चात्तापाच्या सुरात कधी नाही. आमचे हे त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी आता मुलाकडे औरंगाबादला असते आणि जालन्याचा कुणी भेटला की बोलत सुटते.

कर्ज २००१ साली फिटलं. गहाण सुटल्याचा कागद घ्यायला बहीणभाऊ दोघं आले होते, आणि दोघांनी मला पेढे दिले, वेगवेगळ्या पुड्यांतले, कारण आणायचं कुणी ते ठरलं नव्हतं.

नंदाबाई निवृत्त झाल्या आणि पुढं दहा वर्षं त्याच पुढच्या खोलीत राहिल्या. २००९ च्या उन्हाळ्यात, दुपारी, पंख्याखाली पडल्या पडल्याच गेल्या. मी पोचले तेव्हा गिरिजाबाई त्यांच्या उशाशी बसून केस विंचरत होत्या. टाकलेल्या बाईला आमच्याकडे शेवटी घर नसतं आणि माहेरही नसतं. कुणाच्या तरी पडवीतून तिला उचलतात. नंदाबाईंना त्यांच्या स्वतःच्या घरातून नेलं, आणि खांदा द्यायला पुढे मच्छिंद्र होता.